‘तो काही करत नाही’

सकाळी साडेनऊच्या सुमारास पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी फ्लॅटमध्ये एकच लगबग चाललेली असते. आई-बाबा ऑफिसच्या पिशव्या खांद्याला अडकवतात, दीड वर्षांचं मूल सांभाळायला आलेल्या मावशींच्या कडेवर जातं आणि घरातला लॅब्रेडोर सगळ्यांच्या पायात घुटमळत दारापर्यंत येतो. दूध कुठे ठेवलंय, वरण-भात किती वाजता भरवायचा, ताप आला तर कोणतं औषध किती द्यायचं, हे सगळं मावशींना नीट सांगितलेलं असतं. कुत्र्याबद्दल मात्र जाता जाता एकच वाक्य कानावर पडतं: ‘घाबरू नका, तो काही करत नाही.’ मग दार लागतं आणि संध्याकाळपर्यंत मूल, कुत्रा आणि मावशी असे तिघंच घरात उरतात.

प्रत्येक घरात मावशीच असतात असं नाही. कुठे आजी-आजोबा नातवाला सांभाळतात, कुठे शेजारची कॉलेजात जाणारी ताई दोन तास बसते. गावाकडे आई-वडील शेतात गेले की धाकट्याला सांभाळायचं काम थोरल्या बहिणीवर येतं आणि अंगणात राखणीचा कुत्रा असतोच. अमेरिकेत शाळकरी मुलांनी शेजाऱ्यांची मुलं सांभाळून खर्चाला पैसे मिळवायची जुनी रीत आहे; तिथे वाढणारी मराठी मुलंही हे काम करतात. तिथली रेड क्रॉस संस्था अकराव्या वर्षापासून त्याचं रीतसर प्रशिक्षण देते. माणसं वेगळी, घरं वेगळी, पण अडचण सारखीच आहे. मूल सांभाळणाऱ्याच्या हाती त्या घरातला प्राणीही येतो, आणि त्याच्या सवयी, त्याची दुखणी, त्याचे राग-लोभ मात्र घराबाहेर पडलेल्या माणसांनाच ठाऊक असतात.

त्यात मालक घरी असताना आणि नसताना प्राणी एकसारखा वागेलच असं नाही. मालकाच्या एका हाकेसरशी सोफ्यावरून उतरणारा कुत्रा परका माणूस त्याला धरून उतरवायला गेल्यावर गुरगुरू शकतो. ‘तो काही करत नाही’ हे म्हणणाऱ्याचा अनुभव खरा असतो. पण तो अनुभव मालक समोर असतानाचा असतो.

ओळखीचाच कुत्रा

मुलांना कुत्रा चावतो म्हटलं की डोळ्यांसमोर रस्त्यावरची भटकी कुत्री येतात. भारतात ही भीती अनाठायी नाही. पण घरात कुत्रा पाळण्याची पद्धत जिथे सर्वदूर आहे, तिथल्या नोंदी आणखी एक गोष्ट दाखवतात. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४५ लाख लोकांना कुत्रा चावतो असा अंदाज आहे. त्यात मुलांचा वाटा मोठा आहे आणि लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. कधी तो स्वतःच्या घरचा असतो, कधी नातेवाइकांचा किंवा शेजाऱ्यांचा.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यक तज्ज्ञांनी मुलांना चावलेल्या शंभराहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष मांडले. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश कुत्र्यांनी त्याआधी कोणत्याही मुलाला चावा घेतलेला नव्हता. म्हणजे ‘आजवर कधी केलं नाही’ ही गोष्ट पुढची खात्री देत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना चावा बसण्याचे प्रसंग मुख्यत्वे कुत्र्याचं खाणं, हाडूक, खेळणं अशा वस्तूंभोवती घडले होते. थोडी मोठी मुलं कुत्र्याच्या हद्दीत शिरली तेव्हा चावली गेली. घरच्या, ओळखीच्या मुलांच्या बाबतीत तर मिठी मारणं, वाकून पापा घेणं, अंगावरून हात फिरवणं अशा मायेच्या वागण्यातूनही चावे बसले होते.

लहान मुलाला चावा बसतो तो बहुधा चेहरा, डोकं किंवा मानेवर, कारण दीड-दोन वर्षांच्या मुलाचं तोंड आणि मध्यम आकाराच्या कुत्र्याचं तोंड एकाच उंचीवर येतं. मोठा माणूस कुत्र्याला गोंजारतो तेव्हा त्याचा हात पुढे असतो. मूल आधी तोंड पुढे करतं. ते रांगत कुत्र्याच्या ताटलीपाशी जातं, उभं राहायला त्याच्या पाठीचा आधार घेतं, कान मुठीत धरतं, तोल जाऊन त्याच्या अंगावर पडतं. पाठीला इजा असलेला, कानात जंतुसंसर्ग झालेला किंवा म्हातारपणाने सांधे धरलेला कुत्रा अशा वेळी वेदनेने उलटून वळतो. घरातल्यांना त्याचं दुखणं माहीत असतं आणि दिवसभर मूल सांभाळणाऱ्या माणसाला ते कुणी सांगितलेलं नसतं, हा या सगळ्यातला सर्वांत सहज टाळता येण्याजोगा धोका आहे.

दात दिसण्याच्या आधी

कुत्रा ‘अचानक’ चावला असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा त्याने आधी पुष्कळ सांगून पाहिलेलं असतं. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यकांनी कुत्र्याच्या या इशाऱ्यांची एक शिडी मांडली आहे आणि ती जगभर शिकवली जाते. सुरुवातीच्या पायऱ्या अगदी साध्या असतात. झोप आलेली नसताना जांभई देणं, समोर खाणं नसताना नाक चाटणं, डोळ्यांची उघडझाप करणं. मग तोंड फिरवणं, पाठ वळवणं, उठून दूर जाणं. तरीही त्रास थांबला नाही तर कान मागे जातात, शेपटी पायांत जाते, अंग आकसतं. काही कुत्री उताणी होऊन पाय वर करतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की पोट खाजवून हवंय. त्यानंतर अंग ताठ होतं, नजर रोखली जाते, गुरगुर येते, हवेत दात आपटतात आणि शेवटी चावा.

मुलांना यातलं काही कळत नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना आणि पालकांना कुत्र्यांचे व्हिडिओ दाखवून कुत्रा कसा वाटतो ते विचारलं. दात विचकणारा, गुरगुरणारा कुत्रा पाहून तीन वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांनी चुकीचं उत्तर दिलं, आणि चुकलेल्यांतल्या बहुतेकांना तो आनंदी वाटला. दात दिसतात म्हणजे हसतोय, असं मुलाला वाटतं आणि ते आणखी जवळ जातं. म्हणून कुत्र्याचे इशारे वाचण्याचं काम मोठ्या माणसाचं आहे. पहिली जांभई किंवा फिरवलेलं तोंड दिसलं की मूल उचलून बाजूला घ्यावं आणि कुत्र्याला निघून जायला मोकळी वाट द्यावी.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणं किंवा दरडावणं ही आपल्याकडे फार पसरलेली सवय आहे. मार खाऊन कुत्रा गुरगुरणं थांबवतो, पण त्याची भीती तशीच राहते. पुढच्या वेळी तो गुरगुर गाळून थेट चावू शकतो. मूल सांभाळणाऱ्या माणसाने गुरगुर ऐकली तर मुलाला शांतपणे दूर न्यावं, कुत्र्याला वेगळ्या खोलीत जाऊ द्यावं आणि घरच्यांना फोन करून ते कळवावं.

दार, जाळी आणि वेळापत्रक

या विषयात अनुभवी प्रशिक्षक आणि बालरोगतज्ज्ञ एकाच सूचनेवर येऊन थांबतात: लहान मूल आणि प्राणी यांना एका खोलीत एकटं सोडू नये, मिनिटभरही नाही. ‘मी इथेच आहे’ म्हणून स्वयंपाकघरातून लक्ष ठेवणं पुरेसं नसतं. मध्ये हात घालता येईल इतक्या अंतरावर मोठं माणूस हवं आणि त्याची नजर हातातल्या फोनवर नसावी.

आता दिवसभर मूल सांभाळणाऱ्या एकट्या माणसाला हे जमायचं कसं? तिला कुकर उतरवायचा असतो, दूध तापवायचं असतं, बाथरूमला जायचं असतं. इतक्या वेळा सावध राहण्याची अपेक्षा कुणाकडूनही करणं चूक आहे. त्यामुळे घराची मांडणीच अशी हवी की सारखं सावध राहावं लागणार नाही. दाराच्या चौकटीत बसवायची लहान मुलांसाठीची जाळी, एक बंद होणारी खोली किंवा बाल्कनीला लागून कुत्र्याचा स्वतःचा कोपरा, एवढ्याने दिवसाचा मोठा भाग सुरक्षित होतो. कुत्र्याला रोज तीच जागा, तिथेच पाणी, तिथेच चघळायला काही मिळालं तर त्याला ती शिक्षा वाटत नाही. मात्र जाळी मुलासाठी आहे तशीच कुत्र्यासाठीही आहे: त्या कोपऱ्यात मुलाने जायचं नाही, हा नियम घरातल्या सर्वांनी पाळायला हवा.

दिवसातल्या काही वेळा विशेष सांभाळायच्या असतात. पहिली जेवणाची. मूल भरवताना भात सांडतं, कुत्रा खाली टपून बसतो, मूल मजेने घास खाली टाकतं आणि मग दोघांचे हात-तोंड एकाच घासापाशी येतात. भरवण्याच्या वेळी कुत्रा दाराआड असलेला बरा. यात कुत्र्याचंही हित आहे, कारण मुलाच्या ताटलीतले कितीतरी पदार्थ त्याला विषारी ठरतात. चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि मनुका ही त्यांतली ठळक नावं. मनुका घातलेला शिरा किंवा लाडूही त्यात आला. कुत्र्याला खाणं देताना मूल उलट बाजूला, बंद दाराआड असावं, आणि रिकामी ताटली लगेच उचलून ठेवावी.

दुसरी वेळ झोपेची. पाळण्यात किंवा गादीवर बाळ झोपलेलं असताना कुत्रा-मांजर त्या खोलीत नको. ऊब शोधत मांजर बाळाच्या अगदी लगत येऊन झोपू शकते आणि तान्ह्या बाळाला मान वळवून बाजूला होता येत नाही. झोपलेल्या कुत्र्याला मुलाने जाऊन हलवणं हाही चावण्याचा एक नेहमीचा प्रसंग आहे. तिसरी वेळ दाराच्या घंटेची. कुरिअर येतं, कुत्रा भुंकत धावतो, मूल त्याच्यामागे धावतं, दार उघडलेलं असतं. मूल कडेवर घ्यायचं, कुत्रा जाळीआड करायचा आणि मग दार उघडायचं. कुरिअरवाला अर्धं मिनिट थांबतो.

मूल आणि कुत्रा या दोघांना एकत्र फिरायला नेण्याचं काम सांभाळणाऱ्या माणसावर टाकू नये. बाबागाडीला कुत्र्याचा पट्टा बांधणं तर मुळीच नको. इमारतीखाली दुसरा कुत्रा दिसला आणि आपला कुत्रा ओढत सुटला, तर गाडी उलटायला वेळ लागत नाही.

इतकी काळजी घेऊनही कुत्रा अंगावर आलाच तर दोघांच्या मध्ये खुर्ची, उशी, पिशवी, हाताला येईल ते घालावं. कुत्र्याने दातात धरलेलं मूल हिसकून ओढू नये, जखम फाटत जाते. सुटका होताच मधलं दार लावून घ्यावं.

मांजर, पोपट, कासव

मांजर चावली तर जखम बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. मांजरीचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. ते तोंडातले जिवाणू खोलवर नेऊन सोडतात आणि वरचं छिद्र मिटून जातं. त्यामुळे मांजरीच्या चाव्यात जंतुसंसर्गाचं प्रमाण कुत्र्याच्या चाव्यापेक्षा बरंच जास्त आहे. बोटाला किंवा मनगटाला मांजर चावली आणि काही तासांत सूज, लाली, ठणका वाढू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. पिल्लांच्या ओरखड्यांतूनही एक जिवाणू शरीरात जातो. मग काखेत किंवा मानेत गाठ येते आणि ताप येतो. मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो, म्हणून तिच्या वाळूचा ट्रे साफ करण्याचं काम गरोदर बाईला कधीही सांगू नये. तो रोजच्या रोज साफ झाला तर धोका पुष्कळ कमी होतो, कारण विष्ठेतल्या परजीवीला संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात.

कासव निरुपद्रवी वाटतं. पण त्याच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. मूल कासव हाताळतं, मग बोटं तोंडात घालतं, काही वेळा कासवच तोंडात घालतं. अमेरिकेत मुलांमध्ये साल्मोनेलाच्या साथी दिसल्यामुळे १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. पिंजऱ्यातल्या पोपटाची चोच कोवळं बोट सोलू शकते, आणि त्याच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. आपल्याकडे तर देशी पोपट किंवा तारा कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. प्राणी कोणताही असो, त्याला हात लावल्यावर मुलाचे आणि स्वतःचे हात साबणाने धुणं हा साधा नियम पोटाचे बरेच आजार टाळतो.

चावा किंवा ओरखडा झालाच तर

भारतातल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातल्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसं मरतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. पण लक्षणं दिसण्याआधी वेळेवर उपचार झाले तर रेबीज जवळपास नेहमीच टळतो. घरातल्या मोठ्यांना हे माहीत असतं. मूल सांभाळणाऱ्या माणसालाही ते माहीत असायला हवं, कारण पहिली पंधरा मिनिटं तिच्याच हातात असतात.

जखम नळाखाली धरून साबणाने सलग पंधरा मिनिटं धुवायची. रेबीजच्या विषाणूचं बाह्य आवरण साबणाने नष्ट होतं, म्हणून हे धुणं हा उपचाराचाच भाग आहे. हळद, तिखट, चुना, तेल, चहापावडर यांपैकी काहीही लावायचं नाही. त्याने जखम चिडते आणि विषाणू आत जायला मदतच होते. मग लगेच दवाखाना. चेहऱ्याच्या जखमेसाठी तर क्षणही घालवायचा नाही, कारण तिथून मेंदू जवळ असतो. रक्तस्राव जास्त असेल तर स्वच्छ कापडाने दाबून १०८ वर फोन करावा.

जागतिक आरोग्य संघटनेने संपर्काचे तीन वर्ग केले आहेत. अखंड कातडीवर नुसतं चाटलं तर लस लागत नाही. रक्त न येणारा ओरखडा किंवा हलका चावा असेल तर लस घ्यावी लागते. रक्त आलं, किंवा प्राण्याची लाळ डोळ्यांत, तोंडात, फाटलेल्या कातडीवर गेली, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषधही द्यावं लागतं. दंडाच्या स्नायूत लस दिली तर ती शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी दिली जाते. कातडीत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाचा डोस नसतो. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.

‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही भीती अजून पुष्कळ घरांत आहे आणि तिच्यापायी मुलं चावा लपवतात. ती भीती एका जुन्या लसीची आहे. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौलीत मेंढीच्या मेंदूपासून ती तयार केली होती. भारताने २००४ च्या अखेरीस तिचं उत्पादन थांबवलं. आताची लस दंडात, थोड्या वेळा आणि सहन होईल अशी असते. लसीचा इतिहासही एका मुलापासूनच सुरू होतो: ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी अल्सासमधल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर पहिल्यांदा हा उपचार केला आणि तो वाचला.

घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून दवाखाना टाळायचा नाही. उपचार त्याच दिवशी सुरू होतात आणि कुत्रा किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवली जाते. दहा दिवसांनंतरही प्राणी ठणठणीत असेल तर पुढचं काय ते डॉक्टर ठरवतात.

मुलांना शिकवता येतं

तीन-चार वर्षांचं मूल नियम शिकू शकतं, फक्त ते छोटे आणि पुन:पुन्हा खेळातून सांगायला हवेत. जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही. हात लावायचाच तर पाठीवर, तीन आकडे मोजेपर्यंत, मग थांबायचं. कुत्रा पुन्हा जवळ आला तरच पुढे. कॅनडातली डॉगॉन सेफ ही संस्था मुलांना शिकवते की कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, झाड व्हायचं. हात एकमेकांत गुंतवून खाली सोडायचे, नजर पायांच्या ‘मुळां’कडे ठेवायची आणि स्तब्ध उभं राहायचं. बेल्जियमच्या पशुवैद्यक टिनी दे क्युस्टर यांच्या पुढाकारातून २००६ साली आलेल्या ‘ब्ल्यू डॉग’ या संगणकखेळात छोट्या गोष्टींतून मूल ठरवतं की आता निळ्या कुत्र्याजवळ जायचं की नाही.

शिकवण्याचा परिणाम किती दूर जातो ते गोव्यात दिसलं. तिथे २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारच्या साथीने कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण केलं, त्याचबरोबर शाळाशाळांतून मुलांना कुत्र्यांजवळ कसं वागायचं आणि चावल्यावर काय करायचं ते शिकवलं. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधली रेबीजची दरमहा नोंद ९२ टक्क्यांनी घटली आणि २०२१ मध्ये सरकारने गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित केलं.

घरच्यांनी सांगायचं ते

इथवरच्या सगळ्या गोष्टी मूल सांभाळणाऱ्याला पाळता याव्यात यासाठी घरच्यांनी थोडा वेळ द्यायला हवा. कामाच्या पहिल्या दिवशी घरातल्या एखाद्याने थांबून तिची आणि प्राण्याची ओळख करून द्यावी. कुत्रा कशाला घाबरतो, कोणत्या वस्तूवर हक्क सांगतो, अंगाला कुठे हात लावलेला त्याला चालत नाही, हे सांगावं. त्याच्या लसीचं कार्ड, जवळच्या सरकारी रुग्णालयाचं नाव आणि आई-बाबांचे फोन एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत. तिला स्वतःला कुत्र्याची भीती वाटत असेल तर तो दोष मानू नये. ती घरात असताना कुत्रा जाळीआड राहील एवढी सोय करावी.

आणि एक गोष्ट तिला सुरुवातीलाच स्पष्ट सांगावी. मुलाला किंवा तिला स्वतःला साधा ओरखडा आला, तरी तो संध्याकाळपर्यंत न थांबता फोनवर सांगायचा, आणि त्यासाठी तिला कुणी बोल लावणार नाही, तिचं काम जाणार नाही, तिच्या उपचाराचा आणि त्या दिवसांच्या पगाराचा भार घर उचलेल. नोकरी जाईल या धास्तीने लपवलेला ओरखडा कुणाला दिसत नाही. रेबीजचे विषाणू साधारण दोन-तीन महिने काहीही लक्षण न दाखवता शरीरात असतात, तोवर ती सकाळ सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली असते. म्हणून आई-बाबांनीही घरी आल्यावर, जेवण-झोपेची चौकशी करताना, आज कुत्र्याचं आणि बाळाचं कसं झालं, हे रोज विचारावं. बाळाचे कपडे बदलताना हात, पाय, मान आणि कानामागची जागा उजेडात एकदा नीट पाहून घ्यावी.